गौरीचे मुठे

बाबा, काल दसरा झाला. तुझ्या पुतण्याचा थोरला मला मुद्दाम पनवेलहून गावाला घेऊन गेला. बंदूक घेतलीय त्यानं. तुझ्यासारखी ठासणीची नव्हे, दोन नळ्यांची, काडतुसं भरायची. पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक, आणि कोयते-विळे बिचारे कडेला, सावत्र पोरांसारखे. मला म्हणाला, "आत्या, घरात तूच मोठी, कुंकू तू लाव." मी विचारलं, "अरे, रानडुक्कर शेवटचं कधी बघितलंस? कशाला घेतलीस?" तर म्हणतो, "सगल्यांकडं हाय, मग आपल्याकडं नको? आन गावात पैली तर आपल्याच आजोबानं आनली." छाती फुगवून म्हणाला. उभा जन्म माझा शाळेत पोरी दटावण्यात गेला, पण त्या पाटासमोर मीच पोरीसारखी वाकले. मी मुकाट्यानं कुंकू लावलं, वर पेढाही खाल्ला. घरी आल्यापासून लाज जीव खातेय आणि डोळ्यासमोरून तू हलत नाहीस.

वडिलांना पत्र लिहिताना तीर्थरूप म्हणावं, अहो-जाहो करावं, असं मीच शिकवते पोरींना. तुला तसं लिहायला गेले तर मलाच हसू फुटेल. आपल्यात बापाला तू म्हणतात आणि तूच बरं. शिवाय तुला वाचता कुठे येत होतं. आलेलं प्रत्येक पत्र मी वाचून दाखवायचे आणि तू ओटीवर बसून, तंबाखू मळत, "फिरून वाच" म्हणायचास. हे फिरून वाचवणार नाही मला.

बंदूक यायच्या आधीची राखण आठवते तुला? भात दुधावर आलं की कर्नाळ्याच्या रानातून डुकरं उतरायची, आणि प्रत्येक शेतात चार खांबांचा माळा उभा राहायचा. माळ्यावर घोंगडी, एक रिकामा डबा आणि तो बडवायला काठी. डुकराची चाहूल लागली की ज्याला लागली त्यानं हाळी द्यायची, मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं, अशी हाळी वेशीपर्यंत जायची आणि डुक्कर कोणाच्या शेतात टेकायचंच नाही. सगळ्यात मोठा गळा आपल्या शेजारच्या मावशीचा. आईच्या माहेरची म्हणून मी मावशी म्हणायची. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही, तिचं शेत आणि आपलं शेत यांच्यात एकच बांध. बाईमाणूस म्हणून कोणी तिची राखण करायला निघालं तर शिव्या हासडायची. तिची हाळी आली की तू डबा वाजवायचास आणि म्हणायचास, "हिच्या गल्यात देवानं तुतारी बसवलीय." मग तिकडून तिचं उत्तर, "आन तुज्या डोक्यात डबा." सगळं शिवार हसायचं. मी घरात अंथरुणात असले तरी मला ते ऐकू यायचं आणि निवांत झोप लागायची.

मग इंग्रज गेला, आणि शेतकऱ्याला पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळतो असं तू पनवेलच्या बाजारात ऐकून आलास. त्याआधी बंदूक बघायची ती साहेबाच्या नाहीतर खोताच्या खांद्यावर. तू अलिबागला खेपा घातल्यास, कचेरीत हात जोडलेस, आणि एक दिवस ती लांब नळी खांद्यावर टाकून गावात शिरलास तेव्हा, खरं सांगते, मला इतका अभिमान वाटला की मी पाण्याची घागर तशीच सोडून धावले. पहिलं डुक्कर पाडलंस तेव्हा घरोघर वाटा गेला. त्यानंतर जो तो अलिबागला. पुढच्या हंगामापर्यंत किती घरांत बंदुका आल्या. सोयरीक जुळवताना मुलाकडं बंदूक आहे का विचारू लागले, गणपती आणताना बार उडू लागले, आणि कालपर्यंत बांधाच्या भांडणात एकमेकांची आयमाय काढणारे आता बोलतच नव्हते, फक्त ओटीवर बसून नळीला खोबरेल चोळत होते. आईला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "शिव्या देत व्हती ती बरी व्हती."

शिवारही गप्प झालं. डबा डुकराला पळवायला असतो. बंदूकवाल्याला डुक्कर जवळ यायला हवं. म्हणून तूच सगळ्यांना सांगत फिरलास, हाळ्या नकोत, डबे नकोत, खोकू पण नका. मावशी ऐकेना. तेव्हा तू बांधावर उभा राहून तिला म्हणालास, मी होते तिथं, "बाय, तू वरडलीस का डुक्कर लांबूनच पलतं. ह्या साली जरा गप बस, तुज्या शेतातलं बी मीच राखीन." ती म्हणाली, "बरं बाबा. तुजं राज्य हाय." आणि तुझ्या शब्दाखातर ती गप्प बसली.

त्या साली मी लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना माहेरी आले होते. आपली गौर तिखटाची, तिला नैवेद्याला मुठे लागतात. बांधाच्या बिळातला हा खेकडा पकडायला मावशीसारखा हात गावात दुसरा नव्हता. दिवेलागणीची वेळ, बारीक पाऊस. ती डोक्यावर पानांचं इरलं घेऊन आपल्या सामाईक बांधावर ओणवी झालीय, खांद्यापर्यंत बिळात घातलेला हात बाहेर काढतेय, आणि तिला जन्मभराची सवय असूनही ती हाळी देत नाही, कारण तिनं तुला शब्द दिलाय. तू माळ्यावर. भातातून एक काळं कुबड हलताना तुला दिसतं. पावसाळ्यात ओणव्या माणसाचं इरलं कसं दिसतं हे तुला कोणी शिकवायला हवं होतं का? आपल्या आया, बहिणी, बायका सगळ्या त्या इरल्याखाली वाकूनच म्हाताऱ्या झाल्या. पण हातात बंदूक होती आणि तू डुकराची वाट बघत होतास, म्हणून तुला डुक्कर दिसलं.

तूच तिला पाठीवर घालून आणलंस. ओटीवर ठेवलीस तेव्हा तिच्या उजव्या हातात कोपरापासून खाली छर्रेच छर्रे होते, आणि डाव्या हातात मुठ्यांची टोपली तशीच धरलेली. तू ओरडलास, "गाडी जुंपा, पनवेलला न्यायची." मी स्वतः कंदील धरला आणि तू बैल जुंपलेस. तेवढ्यात बाकीचे बंदूकवाले जमले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पोलिसांना कळवणार, पोलीस आले की तुझी बंदूक जाणार, आणि तुझी गेली की चौकशी घरोघर. एकजण म्हणाला, "तुज्यापायी आमी सगल्यांनी कशाला मरायचं?" मी म्हटलं, "तिचा हात जाईल, दवाखान्यात न्या." मला म्हणाले, "तू माहेरवाशीण हायस, तू बोलू नको." आणि कोणीतरी जू उचललं, बैल सोडले, गोठ्याकडं हाकलले. मी तुझ्याकडं बघत होते. तुझं घर, तुझी गाडी, तुझे बैल. तू नुसता हात उचलला असतास तरी कोणाची छाती झाली नसती. तू खाली बघितलंस. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. बंदूक चुकून उडाली, ते एक वेळ ठीक. बैल चुकून सुटत नाहीत.

छर्रे घरीच सुईनं काढले, हळद भरली. हात वाळला. बाहेर सांगायचं ठरलं की डुकरानं धडक दिली. मावशीलाही तेच सांगायला लावलं, आणि तिनं सांगितलं. मी तिला विचारलं होतं, का ऐकलंस त्यांचं? ती म्हणाली, "तुजी आय रडत व्हती म्हनून. तुज्या बासाठी नाय." त्यानंतर गावात एक नवीनच रीत पडली. कोणीही बांधावर पाऊल ठेवलं की आधी मोठ्यानं म्हणायचं, "मानूस हाय, मानूस हाय." बायका पाण्याला निघाल्या तरी म्हणायच्या. आधी हाळी सोबतीला होती, आता ती जीव वाचवायला आली. आणि एवढं होऊनही एकानं बंदूक विकली नाही. उलट ज्यांच्याकडं नव्हती त्यांनीही भीतीनं घेतल्या.

तू बंदूक खुंटीला टांगलीस ती पुन्हा काढली नाहीस, हे मी विसरलेले नाही. तू तिच्या दारी गेलास, पायरीवर डोकं टेकलंस. ती आतून म्हणाली, "हितं नको. चावडीवर सगल्यांम्होरं सांग, का ते डुक्कर नव्हतं, मी व्हते. येवढंच पायजे माला. हाताचं काय नाय." एवढंच मागितलं तिनं. तू चार वेळा चावडीकडं निघालास आणि चार वेळा कोणी ना कोणी वाटेत तुला गाठून घरी परत आणलं. मग तू दुसरा रस्ता काढलास. पुढच्या गौरींना तू स्वतः बांधावर ओणवा झालास. तुला कधी मुठे धरता आले नाहीत, बोटं रक्तानं माखून घेतलीस, पण टोपली भरलीस आणि माझ्या हाती दिलीस. "तिला दे. मी दिलं म्हनून सांग." दर वर्षी. मी माहेरी यायची, पाय धुवायची, आणि आधी ती टोपली घेऊन तिच्याकडं जायची.

आपल्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. रिकामं दिलं म्हणजे संबंध संपला. मी परतले की तू ओटीच्या टोकावर उभा असायचास. आधी टोपलीत वाकून बघायचास. टोपलीत एक काकडी असायची. "काय बोलली?" तू विचारायचास. "काय नाय, घेतले," मी म्हणायची. मग तू ती काकडी धुवायचास, चिरून मीठ लावायचास, सगळ्यांना एकेक फोड द्यायचास आणि म्हणायचास, "तिच्या मांडवावरची काकडी कदी कडू निघाली नाय." त्या दिवशी तू दोन वेळचं पोटभर जेवायचास. चावडीचं नाव तू हळूहळू सोडून दिलंस. शेवटच्या आजारात तू मला म्हणालास, "तिनं माफ केलं गो माला. तोंडानं बोलली नाय, पन केलं." मी तुझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

तू गेल्यावर ती आली होती. डाव्या हातानं तुझ्या तोंडात पाण्याचे थेंब घातले आणि कोणाशी न बोलता निघून गेली. तीही आता नाही. गेली तोपर्यंत सगळ्या गावाच्या लेखी तिचा हात डुकरानंच मोडला होता, आणि काल तुझ्या नातवानं मला तेच सांगितलं. आत्या, म्हणे, त्या म्हातारीला डुकरानं मारलं ना, म्हणूनच बंदूक लागते घरात. मी तेव्हाही बोलले नाही.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुला बोल लावत आले की तू चावडीवर चढला नाहीस. पण तुला चढायचं कारण उरू दिलं नाही ते मी. तिनं तुझे मुठे एकदाही घेतले नाहीत, बाबा. माझ्यादेखत ती ओहोळाशी जायची, टोपली उलटी करायची, डाव्या हातानं घासून स्वच्छ धुवायची आणि रिकामी माझ्या हाती ठेवायची. तुझा चेहरा बघवणार नाही म्हणून मी दर वर्षी गौरींना निघताना पनवेलच्या बाजारातून एक काकडी घ्यायचे आणि पिशवीत तळाशी, लुगड्यात गुंडाळून आणायचे.