साऱ्या पृथ्वीची इर्जिक

खुटबाव, ता. दौंड
१२ जानेवारी २०२५

स्नेहल पोरी, सुखी ऱ्हा.

हिकडं समदी बरी हायत. कांदा काढणीला आलाय, बाया मिळंनात. फोनवर तुझ्या बापाचं नाव काढलं की तू फोन ठेवतीस, म्हणून लिवते. चौथीपातूर शिकले, अक्षर कसंबी येईल, लावून घे.

दिवाळीत माझ्या वसरीवर लॅपटॉप घेऊन बसून तू काय करत हुतीस, त्ये डोक्यातनं जात न्हाई. मी म्हणलं, गणित करतीस तर आकडं कुठं हायत? तू म्हणलीस, "आत्या, आकडे नकोतच. एक्स किती ते माहीत नसलं तरी चालतं." आन् पडद्यावरची ती ओळभर अक्षरं आपसूक आटत आटत एवढीशी झाली. अगं, किती हाय त्येच ठाव न्हाई, आन् उत्तर मातुर बरोबर! देवळात उभं ऱ्हाल्यावानी झालं.

मग म्हणलीस, माणसानं लिवलेलं मशीनला कळंल असं करून देणारं बी तुम्ही जगभरची लोकंच मिळून लिवता, त्याला कंपायलर म्हणत्यात. तेवढ्यात तुझी एक चूक ब्राझीलच्या कुण्या बाईनं धरली, केनियाच्या एकानं तपासली.

"ह्यांना काय देतीस?"

"काही नाही."

"आन् तुला?"

"मलापण नाही. कुणीही घ्यावं, वापरावं."

"निदान जेवू तरी घाल की गं!"

किती हसलीस! मी चेष्टा करत नव्हते. तुझ्या आज्याच्या वेळंला कुणाची नांगरट अडली की गावातली औतं त्याच्या रानात उभी ऱ्हायची. मजुरी कुणी घ्यायचं न्हाई, सांजच्याला निस्तं जेवाण. त्याला इर्जिक म्हणायचं. पर ती एका गावची. तुमची साऱ्या पृथ्वीची, आन् कुणी कुणाचं तोंडबी बघितलेलं न्हाई!

आता खरं सांगते. ह्ये पत्र तुझ्या बापानं लिवायला लावलंय. गुरुवारी शिरूरला त्याच्याकडं गेलते. म्हणला, "नोकरी सोडून फुकट राबती, लोकं हसत्यात. पुढच्या रविवारी पाव्हणं तिला बघायला येणार. त्यांची अट हाय, ह्ये बंद करून नोकरी धरायची. तुझं ऐकती, तू लिव."

मी व्हय म्हणून आले. काल फोनवर तूच म्हणलीस, "थकले आत्या, सोडून देते सगळं." माझं काम सोप्पं झालं. 'बरं झालं, सोड' एवढंच लिवायचं ऱ्हायलं.

पेन धरला आन् डोळ्याम्होरं ती दिवाळीतली अक्षरं आटाय लागली.

सोडू नगंस. थकलीस तर हिकडं ये, पोटभर झोप, मग कर. पाव्हण्यांना मी सांगते, पोरगी कामात हाय. बाप तापंल, माझ्याशी बोलायचाबी न्हाई. तापू दे. धाकटा हाय माझ्याहून, मी बघून घेईन.

तुला थांबवायला बसलेली आन् न थांबवता उठलेली,
तुझी साखरआत्या