बोट दाखवून मोजलेली बावीस माणसं

तीर्थरूप आजोबा,

कमरेतून पुरता वाकून नमस्कार. (किती वेळ वाकलो ते तुम्हाला तिथून दिसणार नाही, पण समोर एक मांजर बसलंय, त्याने पाहिलं आहे.) डोंगर माथ्याकडून खाली लाल होत उतरताहेत, सकाळी बोललं की तोंडातून वाफ निघते, तेव्हा तुमचा डावा गुडघा कुरकुरायला लागलाच असेल. त्याला शेक द्या. मुळे छपराखाली वाळत घातलेत का? घालायचे असतील तर शिडीवर स्वतः चढू नका, शेजारच्यांना सांगा. ते नाही म्हणणार नाहीत. आपल्याकडे कोणी नाही म्हणतच नाही, आणि या पत्राचं सगळं रामायण त्यातूनच घडलं आहे.

एप्रिलमध्ये तुम्ही मला जे सुनावलंत ते मी विसरलेलो नाही. माकुळ मासळी वाळवायच्या कारखान्यातून मी पळालो, ईल माशांच्या खाणावळीतून पळालो (पळालो म्हणजे डिलिव्हरीला गेलो होतो, वाटेत नदीवर धुकं बघत बसलो, परत गेलो तेव्हा दुसरा मुलगा ठेवलेला होता), आणि बर्फ उपसण्याच्या कामावरून तर बर्फ वितळल्यामुळे आलो, त्यात माझा काय दोष? पण तुम्ही म्हणालात, "एक काम, एकच, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नेऊन दाखव. तोवर नवीन वर्षाचं जेवण माझ्या घरी नाही." चाळीस वर्षं स्टेशनमास्तर असलेल्या माणसाने शेवटचं स्टेशन न बघितलेल्या नातवाला हे म्हणावं, यात चूक काहीच नाही. फक्त ते म्हणताना तुम्ही किटलीतून माझ्या भरलेल्या कपात चहा ओततच होतात, ते मला आवडलं नव्हतं.

म्हणून मी हे काम धरलं. पानं लाल होण्याच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना बसमधून उत्तरेकडे फिरवून आणणारी एक कंपनी आहे. (नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही आधीच फोन करून माझ्या वतीने माफी मागाल.) मुख्य मार्गदर्शक ओकुमुरा बाई. वय पन्नाशीचं, आवाज साखरेसारखा, आणि डोळे असे की दहा मिनिटं उशीर करणारा माणूस आपोआप पाच मिनिटं आधी येतो. मी त्यांचा सहायक. माझ्याकडे दोनच कामं: झेंडा धरणं आणि माणसं मोजणं. चार दिवस, बावीस माणसं, जेवढी नेली तेवढी टोकियोला आणायची. आजोबा, मला वाटलं, देवानेच हे काम तुमच्या नातवासाठी बनवलंय. मोजणं तर मी तुमच्याकडे शिकलो. चार वर्षांचा होतो तेव्हा तुमच्या पांढऱ्या हातमोज्याचं बोट सिग्नलकडे रोखलेलं बघायचो, आणि तुम्ही त्या रिकाम्या फलाटावर खड्या आवाजात म्हणायचात, "सिग्नल हिरवा, ठीक!" ऐकायला कावळ्याशिवाय कोणी नाही, तरीही. मीही बसमध्ये तसंच करायचो. एकेकाकडे बोट, आणि शेवटी, "बावीस, ठीक!" म्हातारी मंडळी टाळ्या वाजवायची. दुसऱ्या दिवसापासून तर माझ्या 'ठीक'वाचून बस सुटली असं त्यांना वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक्कोदा डोंगराच्या पायथ्याच्या त्या गरम झऱ्यांच्या मुक्कामावर धुकं पडलं. धुकं म्हणजे असं की मी झेंडा वर धरला आणि माझा हात मनगटापासून पुढे कुठे गेला ते मला कळेना. एकीकडून झऱ्याची वाफ येत होती, दुसरीकडून डोंगराचं धुकं, आणि दोन्ही अंगणाच्या मधोमध भेटत होती. मी बघत राहिलो की यातली वाफ कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं. बराच वेळ बघितलं. कळलं नाही, पण बघण्यासारखं होतं. त्याच अंगणात दुसऱ्या एका कंपनीचीही बस उभी होती. आमचा झेंडा केशरी, त्यांचा लाल, आणि धुक्यात दोन्ही उतू गेलेल्या चहाच्या रंगाचे. शिवाय सत्तरीपुढची आपली माणसं सहलीला निघाली की सगळी एकाच दुकानातून आल्यासारखी असतात: फिकट टोपी, तोंडावर मास्क, पाठीवर छोटी पिशवी. तुम्हीही तसेच दिसता. रागावू नका.

मी बसमध्ये चढलो, बोट रोखलं, मोजलं. बावीस. ठीक! टाळ्या. बस सुटली.

आता ओइरासे ओढ्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रस्ता ओढ्याच्या अगदी कडेने जातो आणि दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकलेली. पिवळा उजेड. बसच्या काचांना ओली पानं चिकटत होती आणि कोणी ती पुसा म्हणत नव्हतं. बावीसच्या बावीस माणसं कुजबुजल्यासारखी "अहाहा" म्हणत होती. जरा मोठ्याने म्हटलं तर पानं गळतील असं वाटत होतं. मला तर वाटलं की आपण कुठे निघालोच नाही, ओढाच आपल्या दोन्ही बाजूंनी मागे मागे चाललाय. आठव्या रांगेत निशिवाकी आजी खिडकीशी बसल्या होत्या. त्या नेहमी आतल्या बाजूला बसायच्या, कारण खिडकी निशिवाकी आजोबांची. त्यांना भूगोल शिकवायची छत्तीस वर्षांची सवय, खिडकीतून जे दिसेल ते बायकोला समजावून सांगायचे. आज मात्र तिकडून आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, ओढ्याने मास्तरांनाही गप्प केलं. शेजारच्या टोपीवाल्या व्यक्तीला आजी संत्र्याच्या फोडी देत होत्या. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात अजून फोडी देतात.

दुपारी तोवादा सरोवराच्या काठी जेवण होतं. निशिवाकी आजोबांना कोळंबी चालत नाही, म्हणून त्यांच्यापुरती वेगळी मऊ भाताची पेज सांगितलेली, समोर नावाची चिठ्ठी. टोपीवाली व्यक्ती त्या चिठ्ठीसमोर बसली, चिठ्ठीला वाकून नमस्कार केला, आणि सगळी पेज निमूट संपवली. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि सरोवराकडे वळलो, कारण सरोवरावर एक ढग उतरला होता.

जेवणानंतर बोटीतून सरोवराची फेरी होती, तेव्हा ती व्यक्ती हळूच माझ्याजवळ आली. मास्क खाली केला. आजी होती! गोल चेहऱ्याची, मी जन्मात न पाहिलेली.

"दादा, सकाळपासून बोलू की नको चाललंय," ती म्हणाली. "तुमच्या कामात खोळंबा नको म्हणून गप्प राहिले. पण आमची ती सफरचंदाची बाग कधी येणार?"

"आजी, सफरचंदाची बाग आपल्या सहलीत नाही."

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "इतका वेळ नुसतं पाणीच कसं."

माझे पाय बोटीच्या तळातून खाली सरोवरात गेले असं मला वाटलं. तिचं नाव कुसाका. ती दुसऱ्या बसची. आणि मागून निशिवाकी आजी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे बागेत असतील. बरं झालं. संत्री त्यांना आंबटच लागतात."

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"अरे, तू एवढं छान बोट दाखवून 'ठीक' म्हणालास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तुला खोटं कसं पाडायचं? तुझा चेहरा पडला असता." मग जरा थांबून, "आणि खिडकी मिळाली होती रे. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

निशिवाकी आजोबांचा मोबाइल आजींच्याच पर्समध्ये. कुसाका आजींना मोबाइल नाही. आता लक्षात घ्या, आजोबा, माझं सगळं त्या क्षणी पाण्यात होतं: काम, नवीन वर्षाचं जेवण, तुमचा उंबरठा. मी ओकुमुरा बाईंना सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या, पण चेहऱ्यावरचं हसू तसंच, फक्त ते आता त्यांचं वाटेना. दुसऱ्या बसला फोन झाला. तिथेही मोजणी बरोबर आली होती आणि तिथेही कोणी काही बोललं नव्हतं. साडेतीनला वाटेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर दोन्ही बसनी भेटायचं ठरलं.

तिथे आधी माफी झाली. ओकुमुरा बाई वाकल्या. तिकडच्या बाई त्याहून खाली वाकल्या. मग ओकुमुरा बाई त्याहून खाली. चूक आमची, छे छे चूक आमचीच, आणि आधी सरळ कोण होणार हा प्रश्न. दोन्ही ड्रायव्हर सिगारेट ओढून परत आले तरी त्या वाकलेल्याच. माझ्यामुळे हे सगळं, म्हणून मीही त्यांच्या मागे वाकून उभा. खाली डांबरावर एक मेपलचं पान होतं, त्याला पाच नाही, सात टोकं होती. मी सगळी मोजली.

तेवढ्यात दुसऱ्या बसमधून निशिवाकी आजोबा उतरले. हातात सफरचंदांची पिशवी, भोवती आठ-दहा माणसं. ते पानं लाल का होतात ते सांगत होते आणि माणसं ऐकत होती.

"ऐकताहेत?" आजींनी विचारलं.

"प्रश्न विचारताहेत!" आजोबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "उद्या समुद्राकाठी खडकांचे थर आहेत. मी त्यांना म्हटलं, सांगेन."

"मग जा की."

"आणि तू?"

"मला खिडकी आहे."

कुसाका आजी दोघांच्या मध्ये उभी, दोघांनाही अडचण झाल्यासारखी आक्रसून. ती म्हणाली, आपली काही हरकत नाही, ती परत जाईल. तिकडच्या सहलीत बाकी सगळी जोडपी, ती एकटी. जेवायला तिला कोपऱ्यात छोटं टेबल देतात, टेबल फार छान असतं, तिची अजिबात तक्रार नाही. निशिवाकी आजींनी नुसता तिच्या बाहीला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

ओकुमुरा बाई माझ्याकडे वळल्या. आवाजात साखर नव्हती. "मोज," त्या म्हणाल्या. "पण नीट. तू म्हणशील ते कागदावर जाईल."

मी अदलाबदल करा म्हटलं असतं तर नेलेली माणसंच परत आणली असती, आणि तुमच्यासमोर छाती काढून उभा राहिलो असतो. सगळे बसमध्ये बसले. मी बोट रोखलं. या वेळी प्रत्येकाकडे बघितलं, आजोबा. तुम्ही म्हणायचात, बोट मोजायला नसतं, बघायला असतं. मला तेव्हा वाटायचं की दोन्ही एकच. पहिल्या रांगेतल्या काकूंना डोळ्याखाली तीळ आहे, मला तीन दिवस माहीत नव्हतं. पाचव्या रांगेतले गृहस्थ झोपेत हसतात. आठव्या रांगेत एक आजी खिडकीशी, आणि दुसरी मान खाली घालून, आपल्यावर बोट येईल की आपल्याला सोडून पुढे जाईल याची वाट बघत.

"बावीस," मी म्हणालो. "ठीक!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओकुमुरा बाईंनी दार लावलं. शेवटी अदलाबदल झाली ती फक्त दोन बॅगांची.

आता तुम्हीच सांगा, हे काम तडीला गेलं म्हणायचं की नाही? नेली बावीस, आणली बावीस. तब्येत जपा, थंडीत पायमोजे घालून झोपा.

तुमचा नालायक नातू,
रेंजी

ता.क. ओकुमुरा बाईंनी कागदावर "धुके" एवढंच लिहिलं. मला म्हणाल्या, पुढच्या सहलीला ये. असं मला आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं.

ता.क. २. वर मी "आणली बावीस" लिहिलं आहे, ते "आणली असतील" असं वाचा. आज चौथा दिवस. दुपारी बस एका छोट्या स्टेशनाजवळ दहा मिनिटं थांबली होती. मला शिट्टी ऐकू आली. तुमच्या लाईनची ती दोन डब्यांची गाडी, आजोबा, अजून तोच आवाज! ती वेळेवर आहे का, एवढंच बघायला मी फलाटावर धावलो. (दीड मिनिट उशिरा होती. तुम्ही असतात तर चिडला असतात.) परत आलो तर बस वळणावर दिसली. ओकुमुरा बाईंनी मोजली असणार, बावीस भरली असणार. सहायकाला मोजणीत धरत नाहीत.

ता.क. ३. तर काम पुन्हा शेवटापर्यंत गेलेलं नाही, माणसं गेली, मी राहिलो. बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, पुढची सहल मंगळवारी आहे. मंगळवारपर्यंत मला कुठे जायचं ते सुचत नाही. हे पत्र मी आत्ताच्या गाडीच्या गार्डकडे देतोय. तो म्हणाला, तुम्ही रोज घड्याळ घेऊन फलाटावर असता, तुमच्या हातात देईन. मी हिच्यामागून येणाऱ्या गाडीने येतो. ती पाच चौदाला तुमच्याकडे पोचते. नवीन वर्षाचं जेवण मागत नाही, साधी पेज चालेल. तुम्ही फलाटावर नसलात तर समजेन आणि न उतरता तसाच पुढे जाईन. असलात तर गाडी वेळेवर आली का, ते आधी बघून घ्या. मग माझ्याकडे बघा. तिथे उतरणारा बहुतेक मी एकटाच असेन.