टाकी म्हणजे पाण्याची नव्हे

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता नातवंडं माझ्या पडलेल्या दातांना हसतात. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे, आणि तेही तुमच्याच वर्गात मागे बसून, पोराला पाजायचं निमित्त करून चोरून शिकलेल्या अक्षरांनी. म्हणून चुका निघाल्या तर त्या तुमच्या शिकवण्याच्या, माझ्या नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगायला लागलात तेव्हा मी म्हटलं होतं, दगडाला वेलांटी नसते, मला काय करायची? तुम्ही हसलात. तुमचं हसणं कमी, त्यामुळे लक्षात राहिलं.

तुम्ही दिघ्याला आलात तेव्हा आमच्या खाणीचा डोंगर अजून निम्मा शिल्लक होता. त्याच्या पोटाशी आम्ही सगळी वडार माणसं झोपड्या घालून राहत होतो. बाप्ये घण मारायचे, बाया खडी फोडायच्या, क्रशर सुरू झाला की पांढरी धूळ भाकरीवर आणि झोळीतल्या लेकराच्या पापण्यांवरसुद्धा बसायची. मे महिन्यात शाळेच्या बाया आपापल्या गावी जातात. तुम्ही चार बांबू, एक ताडपत्री आणि एक फळा घेऊन आमच्या वस्तीत आलात. आम्हाला वाटलं, मतं मागायला आलात. "मी पण वडाराचीच आहे अक्का," तुम्ही म्हणालात, "सुट्टीभर रोज सकाळी पोरं मला द्या." माझी जाऊ म्हणाली, "वडाराची, आणि मनगटात घड्याळ?" सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

माझी थोरली तेव्हा बारा वर्षांची होती आणि शाळा सोडून घरी बसली होती. का सोडली ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना मला आजही राग येतो आणि म्हातारपणी राग आला की जरा बरं वाटतं. परीक्षेत शब्द आला होता 'टाकी', वाक्यात उपयोग करा. हिनं लिहिलं, 'आईच्या टाकीची धार गेली.' बरोबरच लिहिलं. माझी टाकी, दगडाची छिन्नी, खरंच बोथट झाली होती. मास्तरांनी लाल फुली मारली आणि भर वर्गात वाचून दाखवलं. "टाकीला धार असते की नळ?" वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरं तिला टाकी म्हणून हाक मारायला लागली. तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं, ते टाकलंच. मला काय, बरंच झालं. खडीची पाटी उचलायला दोन हात वाढले. शिवाय फलटणच्या माझ्या दादानं आपल्या पोरासाठी तिला मागितलेलं, घरधन्यानं मान डोलावलेली. मे संपता संपता दादा तिला न्यायला येणार होता. मी 'हो' म्हटलं नव्हतं. पण मला विचारलंच कुणी नव्हतं, तर 'नाही' तरी कुणाला म्हणणार?

तुम्ही वर्गात पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलंत, उद्या येताना घरातल्या कामाचे शब्द घेऊन या, पुस्तकातले नकोत. आठ दिवसांत जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर घण, पहार, सुतकी, सुरुंग, टाकी अशी सगळी आमची हत्यारं मोठ्या अक्षरांत लिहून ताडपत्रीच्या दोरीला टांगलीत. मला कुणीतरी येऊन सांगितलं. मी तशीच उठले, हात धुळीचे, पदर खोचलेला.

"काय गं ए, आमची धिंड काढतेस? शाळेत पोरगी हसं करून घेऊन आली ते कमी पडलं का?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "बसा अक्का. आता तुमचीच पोरगी शिकवणार आहे."

आणि माझी ही उठली. माझ्याकडे न बघता, फळ्याकडे तोंड करून बोलली. म्हणाली, पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं, वाटलं जात नाही. तेव्हा त्याला टाकी लावतात. टाकी तिरकी धरायची, उभी धरली तर दगड कपच्या टाकतो. घाव मनगटातून घालायचा, खांद्यातून नाही. एवढं तिला कधी कळलं? मी तर तिला कधी शिकवलं नव्हतं, नुसती शेजारी बसवत होते. माघार घेतली असं वाटायला नको म्हणून तुम्हालाच म्हटलं, "वडाराची म्हणवतेस ना, मग मार बघू चार टाक्या." तुम्ही घड्याळ काढून ठेवलंत आणि वर्गातल्याच एका दगडावर मारल्यात. बाई, आज खरं सांगते, काम वाईट होतं. रेघा वाकड्या. पण मनगट बरोबर वळत होतं, आणि ते पुस्तकातून येत नाही. त्या दिवसापासून मी तुम्हाला 'बाई' म्हणायला लागले.

मग तुम्ही ते खूळ काढलंत, प्रत्येक पोरानं एक दिवस आईबरोबर कामावर जायचं आणि काय बघितलं ते लिहून आणायचं. खडी फोडण्यात नवीन काय बघायचंय, म्हणून मी तिला ऐरोलीला माझ्या फेरीवर नेली. आठवड्यातून एकदा मी नव्या बिल्डिंगांखालून पाटे-वरवंटे टाकवायला फिरत असे. मिक्सर आले होते, पण चटणीला पाटा लागणाऱ्या बाया अजून होत्या. मी नेहमीसारखी ओरडले, "टाकीऽऽ लावून घ्याऽऽ!" वॉचमन आला आणि म्हणाला, "चला, वरती हाय." मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी पाटा असेल. चार जिने चढवून त्यानं आम्हाला गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. "आतून घासून दोन तासात मोकळी करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय." मागून सेक्रेटरी चढत आले, धापा टाकत. मला हसू यावं की रडू, कळेना. पोरगी मात्र पुढे झाली. तीच, जी टाकी म्हटलं की तोंड लपवायची.

"काका, आमची टाकी म्हणजे पाण्याची नव्हे. दगडाची छिन्नी. तुमच्या घरी पाटा आहे का?"

सेक्रेटरी म्हणाले, "आहे की. पण कुणी ओरडलं तर आम्हाला काय कळणार? लिहून लावा ना बोर्डावर."

त्यांनी सहज म्हटलं. तिनं खरंच वहीचं पान फाडलं आणि जिन्यात बसून लिहिलं. अर्ध्या तासात खाली पाट्यांची रांग लागली. ज्या बिल्डिंगीत मी दोन वर्षं घसा फोडत होते, तिथल्या बायांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. परतताना मी विचारलं, काय लिहिलंस? तिनं वाचून दाखवलं: पाटा, वरवंटा, जातं यांना टाकी लावून मिळेल. कारागीर खाली बसली आहे.

"कारागीर कोण?"

"तू. आणि कोण?"

मला लोक वडारीण म्हणत, टाकीवाली म्हणत, ए बाई म्हणत. कारागीर हा शब्द मी ऐकला होता, पण तो माझ्यासाठी असेल असं वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. बोलले असते तर पोरीसमोर डोळे पुसावे लागले असते, आणि ती सवय मी तिला लावली नव्हती.

दादा आला तो भर सकाळी, तुमचा वर्ग चालू असताना. पोरीचे कपडे बांधून ठेव, म्हणाला. मी भाकरी थापत होते. 'ती यायची नाही,' असं माझ्या तोंडून निघालं. दादानं विचारलं, "कोण म्हणतं?" थोरल्या भावापुढे मी कधी मान वर केली नव्हती. माहेर तुटलं की बाईला पाठ उरत नाही, असं मला वाटायचं. मी तव्याकडे बघत म्हणाले, "त्या शाळेच्या बाई. त्यांनी पोलिसांत नाव दिलंय म्हणे. लग्न लावलं तर सगळ्यांना आत घालतील."

तुम्ही कुठे काही दिलं नव्हतं. तुम्हाला तर लग्न ठरलेलं ठाऊकही नव्हतं.

दादा तसाच ताडपत्रीखाली गेला. पोरांसमोर, माझ्या लेकीसमोर, तो तुम्हाला काय काय बोलला ते मी झोपडीच्या दारातून ऐकलं. मास्तरीण, घरं फोडणारी, जात विसरलेली. आणखीही, जे लिहिणार नाही. 'मी असं काही केलं नाही' एवढं म्हणाल्या असतात तर सुटल्या असतात. तुम्ही एकदा माझ्या दाराकडे बघितलंत. मग त्याला म्हणालात, "हो. दिलंय नाव. अजून सहा वर्षांनी या." दादा थुंकला आणि निघून गेला.

त्यानंतर तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, अक्का, असं का केलंत म्हणून. मीही कधी बोलले नाही. तुमच्यासाठी एक पाटा घडवून आणला होता, एवढंच. तो दिला तेव्हा तुम्ही त्यावर हात फिरवून म्हणालात, "रेघा सरळ आहेत." चार वर्षांनी कावीळ तुम्हाला घेऊन गेली. ऐकलं आणि त्या दिवशी मी खडी फोडायला बसलेच नाही. घरधन्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, हात दुखतोय.

लेक शिकली. आता ती नर्स आहे, करंजाड्याला तिचा फ्लॅट आहे. मे महिन्यात तिथल्या बांधकामावरच्या मजुरांची पोरं हॉलमध्ये बसवून शिकवते, तुमच्यासारखीच हट्टी. हॉलच्या भिंतीवर तुमचा फोटो लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझं लग्न ठरलं होतं, बाईंनी मोडलं, नाहीतर मी आज फलटणला खडी फोडत असते. तिनं दादासमोर तुम्हाला 'हो' म्हणताना ऐकलं होतं. तिला तेच खरं. मी बाजूला खुर्चीत बसून मान डोलावते.

हा कागद मी कुठे धाडणार नाही, आणि लेकीच्या हाती तर मुळीच लागू देणार नाही. तिला कळलं तर तुमचा फोटो थोडासा खाली येईल आणि मी थोडीशी वर जाईन. ते तुमच्या वाट्याचं आहे. दादाच्या शिव्या तुम्ही खाल्ल्यात, मग मानही तुम्हीच घ्यायचा. पण बाई, ती हार घालून तुमच्या पाया पडते ना, तेव्हा मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघते. तिला वाटतं, आईचा ऊर भरून आला. खरं म्हणजे मला तुमचा हेवा वाटतो.