ऑर्गनवालीचे कान

रविवार, ४ मे

आज चर्चमध्ये गायकवृंदाने पुन्हा देवाचे कान किटवले! शिंपीणबाई तर अशा ओरडतात, जणू गिऱ्हाईक कापड घेऊन पळालंय. पोस्टमन कायम एक ओळ मागे. मी ऑर्गनवर जीव तोडून वाजवते आणि हे आपले रमतगमत येतात. उपासना संपल्यावर नवे पाळक जवळ येऊन म्हणाले, "बाई, जरा त्यांच्याबरोबर जाता येईल का?"

मी? त्यांच्याबरोबर? अजून मिसरूड फुटायचंय आणि मला ताल शिकवतोय!

बुधवार, ७ मे

सून म्हणते, "आई, एकदा कान दाखवून घ्या ना. बेल वाजवून वाजवून दमले मी दारात." बेल बिघडली असेल. या घरात माझे कान तेवढे धड आहेत!

शनिवार, १० मे

सरावाला शिंपीणबाई खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. म्हटलं, "तोंड उघडून बोला की, गाताना उघडता तसं!" हात काढून जागेवर गेल्या. जिरली.

घरी येऊन प्रार्थना केली — प्रभू, उद्या या लोकांना त्यांची पायरी दाखव.

रविवार, ११ मे

आजचं लिहायलाच हवं.

पाळक प्रार्थना करत होते. मला वाटलं, झाली. पुढचं गीत सुरू केलं — अगदी जोरात! मान वर केली तर मंडळीचे मिटलेले डोळे एकेक करून उघडतायत. पाळकांचे ओठ हलतायत. अजून! बोटं उचलायचंही सुचेना. पुढच्या बाकावरची पोरगी तोंडावर हात धरून हसत होती. वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शिंपीणबाई उभ्या राहिल्या. आणि गायला लागल्या! मग पोस्टमन. मग अख्खी मंडळी. पाळकांनी प्रार्थना अर्धी टाकली, गीतांचं पुस्तक उघडलं — जणू तसंच ठरलं होतं. ऑर्गनखेरीज मला काही ऐकू येत नव्हतं. नुसती तोंडं उघडमिट होताना दिसत होती. त्यांच्याकडे बघत बघत शेवटच्या कडव्यापर्यंत पोचले.

घरी सुनेने कानाशी तोंड आणून सांगितलं, "आई, सगळ्यांना केव्हाचं माहीत आहे. तुम्ही पुढे पळता, ते सांभाळून घेतात."

कोणी सांगितलं होतं सांभाळायला? मी तर नाही!

सोमवार, १२ मे

दिवसभर धुसफूस. पायरी दाखव म्हटलं होतं. दाखवली — पण मला! आणि दाखवून ढकललं नाही. मंडळीने झेललं. या उपकाराचा संताप कुठे काढायचा?

गुरुवार, १५ मे

डॉक्टर पाटीवर लिहून विचारतात, "इतके दिवस काय करत होतात?" म्हटलं, "लोकांना नावं ठेवत होते." हसले. मी नाही हसले.

रविवार, १८ मे

ऑर्गनवर बसले नाही. मागच्या ओळीत शिंपीणबाईंच्या शेजारी उभी राहिले आणि गायले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. 'प्रभू, दया कर' — आजवर हे मी नुसतं वाजवत होते.