मोटार गुणगुणते, चाक फिरत नाई

चंद्रपूर
दि. ११ डिसेंबर २०२३

चि. सौ. बायनास,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद वि. वि.

गळ्याचं विचारलं तू. ऑपरेशनची जखम भरली. आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरनं स्वरयंत्रच काढून टाकलं, ते काही धानासारखं पुन्हा उगवत नाई. तुझ्याजवळ तो बटनाचा फोन, अन मले बोलता येत नाई, म्हणून पत्रच बरं. घरी मी पाटीवर लिहितो. आपली पोरगी रिना वाचून दाखवते. तुझ्या वैनीले अक्षर येत नाई, म्हणून रिना एकदा बँकेत गेली की गिरजा अन मी दिवसभर एकमेकाचं तोंड पाहून राहतो.

आता नवीन त्रास ऐक. आयुषनं पुण्याहून खेळण्यातली रेल्वे धाडली. बाबाचा जीव रमेल म्हणते. जन्मभर बल्लारशावरून कोळशाच्या मालगाड्या ओढल्या मी, अन पोट्ट्यानं बोटभर इंजिन पाठवलं! रागानं खोका उघडलाच नाई. पण घरात बसवत नाई गं. दारातून पडवीत, पडवीतून दारात. शेवटी समोरच्या खोलीत रूळ मांडले. दोन इंजिनं आहेत. लाल इंजिन खिडकीपाशी गेलं की बंद पडते, बोटानं ढकललं की पुढं जाते. निळ्याची तर मोटार गुणगुणते, चाक फिरत नाई. खरं इंजिन बिघडलं असतं तर रेल्वेच्या कंट्रोल रूमले कळवलं असतं. इथी कोणाले कळवू? तुलेच कळवून राह्यलो.

जावईबापूंना जय भीम. पत्राची वाट पाहाले लावू नको.

तुझा,
बापूभाऊ


पोंभुर्णा
दि. १७ डिसेंबर २०२३

तीर्थरूप बापूभाऊस,
सप्रेम जय भीम वि. वि.

पत्र वाचून हसू बी आलं अन वाईट बी वाटलं. तंबाखूचा खर्रा सोड म्हणत होती तेव्हा तू मलेच गप करत होता. जाऊ दे. लिहिलं ते लिहिलं, आता खोडत नाई.

मले इंजिनातलं काही समजत नाई. पण लाल इंजिन दर वेळी खिडकीपाशीच बंद पडते, तर दोष इंजिनाचा काऊन म्हणतो? तुमच्या चंद्रपुरात मी आली की दोरीवरचं लुगडं सांजेपर्यंत काळं होते. तीच धूळ तुझ्या रुळावर बसत असन. एकदा पांढऱ्या फडक्यानं पुसून पाय.

अन निळ्यात तेल कोणतं घातलं? मी तुले ओळखतो ना भाऊ. डोक्याचं खोबरेल तेल घातलं असशीन. थंडीत ते गोठते. माझी शिलाई मशीन अशीच जाम झाली होती मागच्या पुसात.

अजून एक. रिनानं फोनवर सांगितलं, डॉक्टरनं तुले गळ्याले लावून बोलाचं यंत्र देलं आहे, अन ते आलमारीत पडून आहे. वैनीले पाटी वाचता येत नाई हे तुले माहीत आहे. मंग ते यंत्र कोणासाठी जपून ठेवलं?

रागावू नको. रागावला तरी लिहीत राहाजो.

तुझी बहीण,
बायना


चंद्रपूर
दि. २४ डिसेंबर २०२३

चि. सौ. बायनास,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

फडकं कोळशासारखं निघालं. स्पिरिटनं रूळ पुसले, चाकं पुसली. लाल इंजिन आता न थांबता फिरते. खोबरेल तेलाचं तुले कसं समजलं कोण जाणे! तेही धुवून काढलं. तरी निळं चालेना.

मंग मी त्याले उलटं करून खोललं. आसाभोवती केस गुंडाळला होता. लांब, अर्धा पांढरा, अर्धा काळा. घरात असा केस एकीचाच. आधीच डोकं तापलं होतं. पाटी घेतली अन लिहिलं, तुझ्या केसानंही माझी गाडी अडवली, माझ्याजवळ येत जाऊ नको. रिना वाचाले तयार होईना. गिरजा तिले म्हणाली, तू नाई वाचलं तर शेजारच्या खुशबूकडून वाचून घेतो. शेवटी रिनानं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजानं पिशवी भरली अन ब्रह्मपुरीले भावाकडं, लच्छूकडं, निघून गेली.

केस सुईनं काढला. निळं इंजिन चालते. दोन्ही चालतात. मी पाहत बसतो, मंग उठतो, मंग पुन्हा बसतो. पाय एका जागी राहत नाई.

ते यंत्र मी एक डाव लावून पाह्यलं होतं. टिनाच्या डब्यात माशी कोंडल्यावाणी आवाज येते. रिनाच्या तोंडावरचं भेव मी पाह्यलं. तवाच आलमारीत ठेवून देलं. अशा आवाजात मी बायकोसंगं बोलू?

तूच सांग काय करू. तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाई विचाराले.

बापूभाऊ


पोंभुर्णा
दि. ३० डिसेंबर २०२३

तीर्थरूप बापूभाऊस,
जय भीम.

या वेळी मी हसली नाई. तो केस तिथी कसा आला ते तुले ठाऊक आहे काय? रिनाले वैनीनं जे सांगितलं तेच लिहितो. दुपारा तू रुळाशी वाकून बसत होता ना, तेव्हा वैनी तुझ्या मांगं, खांद्यावरून डोकावून बसत होती. इंजिन सुरू झालं की तुझं तोंड कसं होते ते तिले पाहाचं होतं. तू एक डाव मांगं वळून पाह्यलं नाई.

तिले चिठ्ठी पाठवू नको. लच्छू साऱ्या आंगणात मोठ्यानं वाचन. यंत्र काढ. माशीसारखा आवाज तर माशीसारखा. एवढी वर्षं तुझं घोरणं ऐकून वैनी भिली नाई, याले काय भिते?

आधी सराव कर. पण जा. जाऊन आल्याशिवाय मले तोंड दाखवू नको.

काळजीत असलेली,
बायना


पोंभुर्णा
दि. ९ जानेवारी २०२४

तीर्थरूप बापूभाऊस,
सप्रेम जय भीम वि. वि.

भाऊ, मले माफ कर. काल दुपारी वावरात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडून घरघर, घरघर, अन त्यात माझं नाव. मले वाटलं, हे कॉम्प्युटरवाले चोर आहेत, बँकेचा नंबर विचारतात. मी चांगली तासली. तुझ्या मायबापानं हेच शिकवलं काय म्हणली अन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. सांजी रिनाचा फोन आला की बाबानं नवीन सिम घेतलं, अन पहिला फोन तुम्हालेच केला होता.

बांधावर बसून मी रडली. मंग तुझ्या मायबापाचं आठवलं अन एवढी हसली की शेजारच्या वावरातून मंगली धावत आली. तिले वाटलं मले काही चावलं.

काय सांगाचं होतं तुले? पुन्हा कर ना. घरघर झाली तरी आता कापत नाई.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारी,
बायना


ब्रह्मपुरी
दि. १५ जानेवारी २०२४

चि. सौ. बायनास,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र निघाच्या दिवशी भेटलं. मायबापाले शिव्या देल्या तू, ते आपल्या दोघांचेही आहेत हे ध्यानात ठेव. सांगाचं एवढंच होतं की मी चाललो.

तू म्हणली तसा सराव केला. गाडी फिरवाची अन यंत्र लावून स्टेशनांची नावं म्हणाची. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. याच लाईनवर मालगाड्या नेल्या. परवा चांदा फोर्ट स्टेशनावरून प्रवासी म्हणून बसलो. इंजिनात नाई, डब्यात. तरी दर सिग्नलले उठून उभा राहत होतो. समोरच्या बाईनं विचारलं, पोट दुखते काय.

लच्छूच्या आंगणात गिरजा सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. पाठ माझ्याकडं. मी यंत्र गळ्याले लावलं अन म्हणलं, गिरजा. ती वळली नाई. लच्छूची बायको घरातून ओरडली, पंपाची मोटार पाहा, कशीतरी आवाज करून राह्यली. बायना, तवा मले वाटलं परत जावं. पाय वळलेच होते. पण तोंडातून पुन्हा निघालं, गिरजा, मी चुकलो.

आता ती उठली. सूप हातातच. माझ्या तोंडाकडं पाह्यलं, मंग गळ्याकडं, मंग यंत्राकडं. जवळ आली अन पुन्हा म्हणाले लावलं. मी म्हणलं. लच्छूचे पोट्टे हसत होते, तिनं त्यायले हाकललं. मंग मले विचारलं, जेवले काय? मी म्हणलं, नाई. एवढ्या महिन्यांत तिनं मले विचारलं अन मी तिले सांगितलं, मधात कोणी नाई, असं पहिल्यांदाच झालं.

ताट वाढलं. पण जेवू कुठी देते! ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाले भेव वाटलं काय, रातच्याला झोप काऊन येत नाई, आयुषवर राग आहे काय, सारं साचलेलं एकदमच विचारून राह्यली. एका हातात यंत्र, एका हातात घास. यंत्र लावलं की घास राहते, घास घेतला की बोलणं राहते. मी म्हणलं, भात थंड होऊन राह्यला. ती म्हणाली, होऊ द्या, गरम करून देईन, आधी सांगा.

जावईबापूंना अन लेकरायले जय भीम. फोन लावीन, कापजो नको.

तुझा,
बापूभाऊ