कराळदंताच्या दवाखान्यातून

चि. बबडीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, मामीचा गुडघा तेवढा तिच्याइतकाच हट्टी आहे. तुझी पाठ कशी आहे? वाकून लिहू नकोस, हे तुला शाळेत होतीस तेव्हापासून सांगतोय.

तुझ्या जादूच्या पुस्तकांचा चौथा भाग वाचून संपवला. पाचव्यात तू कराळदंत राक्षसाला संपवणार अशी इथे कुजबुज आहे, पण ते तुझं तू बघ, मी त्यात नाक खुपसत नाही. (नाकावरून आठवलं. तो राक्षस दात उपटताना नाकातल्या नाकात गुणगुणतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि ‘दुखणार नाही हं’ म्हणत हमखास दुखवतो. मामी म्हणते, हा दातांचा डॉक्टर ओळखीचा वाटतो. मी म्हटलं, योगायोग.)

आता दवाखान्यातली हकीकत ऐक. इतकी वर्षं मला रस्त्यात पाहिलं की पोरं आईच्या मागे लपायची. आता शाळेच्या बसमधून मुठी दाखवून ‘कराळदंत, कराळदंत’ ओरडतात, आणि माझा ऊर भरून येतो गं! ज्या पोराला तिघांनी धरावं लागायचं ते आता आपणहून खुर्चीत चढतं आणि डोळे न मिटता तोंड उघडतं, कारण तुझ्या राजपुत्राने तसंच केलं. (त्याच राजपुत्राने तिसऱ्या भागात राक्षसाचं बोट चावलं. ते लिहिताना मामाचा जरा तरी विचार करायचास, पोरं तेही करून बघतात, अंगठा अजून सुजलाय.) काल एक जण आला, दात सगळे धडधाकट, नुसती राक्षसाची गुहा बघायला आला होता. त्याचे आजोबा, चांगले निवृत्त न्यायाधीश, मला भाजीच्या दुकानात गाठून म्हणाले की राजपुत्राला उपाशी कोंडणं तुम्हाला शोभलं नाही. मी चक्क माफी मागितली. आमच्या मदतनीस बाई मात्र रुसल्यात, राक्षसाच्या हाताखाली कुणीच कसं नाही म्हणून. भाचीने मामाचं नाव काढलं, आणखी काय पाहिजे?

जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा

ता. क. मामीने पत्र वाचून विचारलं, खरं काय ते का लिहीत नाही? तर लिहितो. परवा एका चिमुरडीची दाढ काढली. गाल धरून दारापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “पुढच्या भागात ते तुम्हाला मारणार आहेत. लपायचं असेल तर आमच्याकडे या, माझ्या पलंगाखाली जागा आहे.”

आणखी एक ता. क. मी तिला हो म्हणून बसलोय. तेव्हा मारू नकोस गं त्याला. या वयात मी पलंगाखाली शिरेन कसाबसा, पण बाहेर कोण काढणार?