पाण्याची सुई

माय, उद्या सकाळी मला त्याच तांड्यावर जायचंय आणि मला लई भीती वाटून राहिली. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, तरी अशा वेळी तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत न्हाई. तांड्यावर पुन्हा पटकीची, कॉलऱ्याची साथ आली आहे. वारंग्याकडच्या रस्त्यानं बंदुका घेतलेले लोक फिरतात, म्हणून डॉक्टरसाहेब परवाच बायकामुलांना घेऊन निघून गेले. मिशनच्या दवाखान्यात आता मी, म्हातारा कंपाउंडर आणि स्टोव्हवर उकळत ठेवलेल्या तुझ्याच त्या दोन सुया. कंपाउंडर म्हणतो, तुमच्या पोरीला संगं न्या, तुमच्या आईनं केलं तसं करा. त्याचं काय जातंय म्हणायला!

तू इथं नर्स होतीस तेव्हा पटकीची लस टोचून घ्यायला लोक भ्यायचे, म्हणून तू मला गावोगाव न्यायचीस आणि सगळ्यांदेखत आधी माझ्या दंडात सुई टोचायचीस. सुईत नुसतं उकळलेलं पाणी असायचं, खरं औषध गावोगाव पुन्हा पुन्हा टोचता येत न्हाई ना. मी नऊ वर्षांची. रडायचं न्हाई, तोंड पाडायचं न्हाई, अशी तुझी सक्त ताकीद. औषध नंतर लागू पडतं, आधी माणसाला आपला चेहरा लागतो, असं तू म्हणायचीस. मग मी हसायचे, बाया दंड पुढं करायच्या, आणि परत निघताना गाडीत तू मला गूळ-शेंगदाणे द्यायचीस. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई, गूळ मिळत होता ना.

त्या दिवशी तांड्यात शिरल्या शिरल्या एका झोपडीपुढं घोंगडीनं झाकलेलं माणूस दिसलं. पाय उघडेच होते, टाचांना चिखल वाळलेला. तू टोचलंस, मी कशीबशी हसले. तेवढ्यात तांड्याच्या नायकाची बायको, ती उंच नायकीण, माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं माझी हनुवटी धरली.

“पोरी, तुला बी हेच औषध दिलं का? खरं सांग.”

तू माझ्याकडं बघतेस. अजूनही डोळे मिटले की बघतेस.

“न्हाई,” मी म्हणाले. “माझ्यात पाणी हाय.”

बाया उठल्या. हिरव्या घागऱ्यातली एक बाई लेकरू काखोटीला मारून तरातरा निघून गेली. पुरुष ओरडायला लागले. मला वाटलं, आता तू माझं बखोट धरून गाडीत घालशील. तू मात्र खऱ्या औषधाची बाटली उघडलीस, सगळ्यांना दाखवून सुई भरलीस आणि स्वतःच्या दंडात घातलीस. मी तुम्हाला फसवलं, माझं चुकलं, आता हे खरं हाय, असं म्हणालीस. पहिली टोच चुकली, दोनदा टोचावं लागलं. मग नायकिणीनं दंडावरच्या बांगड्या वर सारल्या. ऊन उतरेपर्यंत निम्मा तांडा टोचून झाला. निम्माच. हिरव्या घागऱ्यातली बाई परत आली न्हाई, आणि पुढच्या आठवड्यात ती आणि तिचं लेकरू, दोघंही पटकीनं गेल्याचं कळलं.

गाडीत तुला ताप भरला. मार बसेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तू माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतलास.

“आज मी लई भ्याले गं,” तू म्हणालीस. “प्रभू भीती काढून घेत न्हाई, हाताला काम देतो. पर तू खरं बोललीस, लेकरा. तुझ्यामुळं मी सुधरले.”

त्यानंतर दर वर्षी चर्चमध्ये मंडळीपुढं साक्ष द्यायला उभी राहिलीस की हेच सांगायचीस, की माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं मला खऱ्यावर उभं केलं. लोक वळून माझ्याकडं बघायचे आणि मी गीतांच्या पुस्तकात तोंड घालायचे. शेवटच्या दुखण्यातसुद्धा तू म्हणालीस, तुला बघून मला धीर येतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. न्हाई बोलले.

उद्या पोरीला नेणार न्हाई. आधी माझ्याच दंडात, खऱ्या औषधाची सुई. मलाही दोनदा टोचावं लागेल, रस्त्यावर कोण भेटेल देव जाणे, तरी तोंड पाडणार न्हाई. नायकीण अजून आहे. डोळ्यांनी अधू झाली, पण मला आवाजावरून ओळखते आणि चारचौघांना सांगते, ही ती खरं बोलणारी पोरगी. उद्याही सांगेल, आणि तिच्या त्या शब्दावर लोक दंड पुढं करतील. म्हणून तिथं मी गप्पच बसणार. त्या दिवशी गप्प बसले असते तर हिरव्या घागऱ्यातली बाई लेकराला घेऊन तिथंच बसली असती का, हे मी रोज स्वतःला विचारते.

हा कागद कुठं पाठवायचा न्हाई, म्हणून तुला सांगते. खऱ्याची चाड बिड काही नव्हती गं माय. घोंगडीखालचे ते पाय बघून मी भ्याले होते. पाणी हाय म्हटलं की लोक आपल्याला हाकलून देतील, असं वाटलं. मला त्या दिवशी फक्त घरी जायचं होतं.